विमानाच्या स्टॉलला काटा 31 वर! खुश होऊ की घाबरू? (सल्ला हवा)

मालवा_पतंग:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघा मित्रांनी इंदूरला साडेपाच वर्षं खपून दोन सीटचं विमान उभं केलंय. पंख वर, रोटॅक्स 912 इंजिन, नकाशे परदेशी, घाम आमचा. परवानगी मिळून चाचणी-उड्डाणं सुरू आहेत, आजवर अकरा तास झाले.

नकाशात लिहिलंय की फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण खाली आणि वजन 450 किलो असताना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटते तो वेग, 38 नॉट. माझ्या विमानाचं नाक पडतं तेव्हा काटा 31 वर असतो. वरच्या वेगाला मात्र सगळं जुळतंय. अल्टिमीटर (उंचीमापक) 1013 या प्रमाण दाबावर लावून 4500 फूट, बाहेर 27 अंश, काटा 88 आणि जीपीएसची चार दिशांची सरासरी 90. म्हणजे एएसआय (वेगाचा काटा) ठीक आहे आणि विमानच अपेक्षेपेक्षा सरस निघालं, असं मित्राचं म्हणणं. त्याने तर पोहे-जिलबीही वाटली. सध्या 31 च्या 1.3 पट म्हणून 40 वर उतरतोय. पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) डाव्या पंखाखाली आहे, स्टॅटिकची (भोवतालच्या हवेचा दाब घेणारी) नळी डॅशबोर्डच्या मागे मोकळी सोडलीय. आणखी काही तपासायला हवं का?

छावणीवाला:
भिया, पहाटे बायपासवर गाडीच्या टपावर पिटो बांध आणि शंभरने पळव. स्पीडोमीटरशी ताडून बघ. फुकटात काम!

रामबागचे_काका:
जिलबी परत मागवा. 40 वर उतरणं आजपासून बंद, हे आधी. काटा 55 वर ठेवून या, पट्टी थोडी जास्त लागली तरी चालेल.

आता तुमचं ते 88 आणि 90. चार दिशांनी उडून वारा वजा झाला की जीपीएसवर उरतो तो हवेतला खरा वेग, टीएएस. एएसआयला तो कळतच नाही. त्याला कळतो फक्त दाब, आणि तबकडीवरचे आकडे समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेसाठी छापलेले असतात. 4500 फूट आणि 27 अंशांना हवेची घनता त्या प्रमाण हवेच्या 81 टक्के भरते. वर्गमूळ 0.9. त्याने 90 ला गुणा, 81 येतात. काट्याने 81 दाखवायला हवे होते, तो 88 दाखवतोय. आकडे जुळले तिथेच गडबड आहे.

कारण तुम्हीच लिहिलंय: डॅशबोर्डमागची मोकळी नळी. उडताना केबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा कमी असतो. पिटोच्या दाबातून स्टॅटिक वजा होऊन काटा चालतो, त्यामुळे तो उगाच वर चढतो. एका वेगाने सरळ उडताना खिडकीचा झरोका उघडून-मिटून बघा. काटा हलला तर चोर घरातच आहे.

स्टॉलला उलटं होतं. नाक वर असल्याने पिटोत हवा तिरकी शिरते, पूर्ण दाब पोचत नाही आणि काटा कमी दाखवतो. पण सगळं खापर काट्यावर फोडू नका. एकटेच होतात ना? स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. तुम्ही, विमान आणि इंधन मिळून 370 किलो धरलं तर 38 चे साडेचौतीस होतात. म्हणजे सातातले साडेतीन वजनाने खाल्ले, उरलेले साडेतीन काट्याने.

आणि ते 1.3 सीएएसला लावायचं असतं, म्हणजे चुका काढून टाकलेल्या वेगाला. एकटे असाल तर 45, भरलेलं विमान असेल तर 50. त्या वेगाला तुमचा काटा किती दाखवतो ते चार दिशांनी उडून तक्ता केल्यावरच कळेल. खाली कमी आणि वर जास्त दाखवणाऱ्या काट्याची चूक मधे कुठेतरी चिन्ह बदलते, तिला 1.3 ने गुणून काय मिळणार?

छावणीवाले, टपावरची हवा गाडीनेच ढवळलेली असते. शिवाय स्पीडोमीटर स्वतः कधी खरं बोललाय?

नळी_आणि_पाना:
काकांशी सहमत, पण हवेत जाण्याआधी काटा टेबलावर तपासा. महागडं काही लागत नाही. सियागंजातून गवंड्याची लेव्हल नळी आणा, फळीवर यू आकारात ठोका आणि रंगीत पाणी भरा. एक टोक टी-जोडाने एएसआयच्या पिटो बाजूला आणि सुईविना सिरिंजला जोडा. स्टॅटिक बाजू मोकळी. सिरिंज हळूहळू दाबत दोन्ही पातळ्यांतला फरक मोजा. 40 नॉटला 26 मिमी, 60 ला 60 मिमी (हा पाठच होतो), 80 ला 106, 100 ला 165. इंदूरच्या उंचीने यात फरक पडत नाही, कारण इथे दाबाशी दाब ताडतोय. तोंडाने फुंकू नका, आतली डबी नाजूक असते.

30 नॉटला जेमतेम 15 मिमी भरतात, तिथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे एक नॉट. म्हणून एक बाजू तिरकी ठेवा: 5 सेमी पुढे गेल्यावर 1 सेमी चढेल इतकी. पाणी पाचपट सरकतं. दुसऱ्या टोकाला रुंद बरणी लावा, म्हणजे तिथली पातळी जवळजवळ जागची हलत नाही. 60 वर नेऊन सिरिंज धरून ठेवा, मिनिटभरात काटा उतरला तर गळती आहे.

मालवा_पतंग:
काका, ताई, आभार. स्टॉल नेमका कसा मोजायचा? मी झटकन नाक वर घेत होतो.

रामबागचे_काका:
तिथेही चूक होते. झटका दिला की काटा मागे राहतो आणि आकडा खोटा येतो. इंजिन आयडल, दर सेकंदाला एक नॉट या चालीने वेग उतरवा. जमिनीपासून निदान तीन हजार फूट वर, पॅराशूट पाठीला, बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी गोळी) मधोमध. पाच वेळा करा. फोन तबकडीसमोर बांधून चित्रण करा, त्या क्षणी डोळे बाहेर हवेत. दोघांच्या वजनाची चाचणी करायची तर शेजारच्या सीटवर वाळूच्या गोण्या घट्ट बांधा, मित्राला नको.

चार दिशांचं काम सकाळी सातला उरका, नऊनंतर माळव्याची हवा उसळायला लागते. 45 पासून 90 पर्यंत पाच-पाच नॉटांनी. प्रत्येक वेळी होकायंत्राची दिशा धरा, जमिनीवरची रेघ नको. साध्या सरासरीत थोडी चूक राहते: 60 च्या वेगाला 15 नॉट वारा असला तर 60.9 येतात. वारा पाचाखाली असेल त्या दिवशी ही चूक धरू नका.

स्टॅटिकसाठी फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) दोन्ही बाजूंना एकेक भोक आणि दोन्ही टी-ने जोडलेली. आरव्ही ही घरी बांधायची विमानं बांधणारे तिथे पॉप रिव्हेट मारतात. त्याचं फुगीर डोकं घासून सपाट केलं की काटा बिघडतो, इतकी नाजूक बाब आहे. म्हणून भोकं पाडली की तक्ता नव्याने करा.

कुंभारीण_पुराण:
पिटोला टोपी घालता ना? 1996 साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एक बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. तपासात पिटो बंद झाल्याचं निघालं, बहुधा कुंभारीण माशीचं मातीचं घर. आपल्या हँगरच्या कोपऱ्यात बघा किती घरं आहेत.

मालवा_पतंग:
रविवारचा हिशेब. पाण्याच्या नळीवर काटा 40 ला 39 आणि 80 ला 81. म्हणजे डबी निर्दोष. टी-जोड गळत होता, तो बदलला. हवेत झरोका उघडल्याबरोबर काटा 4 नॉट खाली आला, मित्र पाच मिनिटं गप्प होता. पुढच्या आठवड्यात बाहेरची भोकं पाडतोय. टोपी शिवून घेतली, लाल फीत जिलबीच्या खोक्याची आहे. ताई, तिरक्या नळीत पाण्याला बुडबुडे येतात, काय करू?

नळी_आणि_पाना:
भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. एकच.