कॅसची फाईल अडकली आहे: केअर लिस्टचा पुरावा आता कुठून आणायचा?

पारिजात
तातडीने मदत हवी आहे. माझी कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल कॉलेजच्या आयक्यूएसीकडे (गुणवत्ता कक्षाकडे) अडकली आहे. समन्वयक म्हणतात, पेपर छापून आला तेव्हा ते नियतकालिक केअर लिस्टमध्ये (यूजीसीच्या मान्य संशोधन-नियतकालिकांच्या यादीत) होतं याचा पुरावा प्रत्येक पेपरला जोडा. यादीच बंद झाली, आता मला ती कुठे सापडत नाही. वर प्रत्येक पेपरपुढे इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातले लेख सरासरी किती उद्धृत होतात तो आकडा) लिहायचा, रकाना रिकामा चालणार नाही म्हणे. कमिटी पुढच्या आठवड्यात बसतेय. हे ज्यांनी पार पाडलंय त्यांनी नेमकं काय जोडलं? "विद्यापीठात विचारा" कृपया सांगू नका, तिथे जाऊन आले.

भाऊ_सातारकर
विषय कोणता? कुठल्या टप्प्यावरून कुठे? पात्रतेची तारीख काय? पेपर कुठल्या सालातले? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय आम्ही.

मिरजकर
इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलच्या मुखपृष्ठावर किंवा साइटवर असतोच, पाच मिनिटांचं काम आहे. मी रसायनशास्त्रात आहे, आम्ही केअरच्या भानगडीत कधी पडलोच नाही. थेट स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या जर्नलला पाठवायचं. आता वन नेशन वन सबस्क्रिप्शनमुळे १३,००० च्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांना वाचायला खुली झाली आहेत, त्याचा फायदा घ्या.

पारिजात
विषय मराठी साहित्य. असोसिएटवरून प्रोफेसर. पेपर अकरा, सगळे मराठीत, एकटीने लिहिलेले. त्यातले दोन २०१७ चे, बाकीचे २०१९ नंतरचे. शिवाय एक पुस्तक, पुण्याच्या प्रकाशकाकडून.
मिरजकर सर, एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांच्या मासिकांवरचा मराठी लेख स्कोपसमधलं कुठलं जर्नल छापेल? वाचायला जर्नल्स मिळत नाहीत अशी माझी तक्रार नाहीच.

ग्रंथपाल_मावशी
पारिजातताई, आधी घाबरू नका. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत शब्द आहेत "पिअर रिव्ह्यूड किंवा यूजीसी लिस्टेड". "किंवा" आहे, "आणि" नाही. नियतकालिक पिअर रिव्ह्यूड, म्हणजे लेख तज्ज्ञ परीक्षकांकडून तपासून घेणारं, असल्याचं दाखवता आलं तर यादीवाचून अडू नये.
सालांकडे मात्र नीट बघा. केअर यादी जून २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केली. तुमच्या २०१७ च्या दोन पेपरांना केअरचा पुरावा मागणंच चूक, तेव्हा यूजीसीची जुनी मान्यताप्राप्त यादी होती. त्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती, तर तुमचं त्यात गेलं नाही ना, तेवढं तपासा.
आमच्याकडे प्राध्यापकांनी जोडलं ते असं: अंकाचं मुखपृष्ठ, संपादक मंडळ आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असलेलं आतलं पान, लेखाची पानं, आणि लेख परीक्षकांकडे पाठवून मगच स्वीकारला असं संपादकांचं सही-शिक्क्याचं पत्र. संपादकांना आजच फोन करा.

टिळकरोड
पत्राची गरज नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे वेबसाइटची जुनी पानं साठवलेली असतात) जुनं पान उघडा, तारखेसकट प्रिंट काढा.

ग्रंथपाल_मावशी
टिळकरोड, ते दरवेळी जमत नाही. पुढे पुढे केअर यादी लॉगिन केल्यावरच दिसायची, अशी पानं वेबॅकवर सहसा नसतात. त्यापेक्षा कॉलेजच्या ग्रंथालयाने त्या वेळी पीडीएफ ठेवली होती का, हे विचारा. आम्ही ठेवत होतो.

सेवाभावी_संशोधक
मॅडम, व्यक्तिगत निरोप करा. चार दिवसांत पेपर छापून, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर ७ च्या वर, प्रमाणपत्रासह.

भाऊ_सातारकर
वरच्या इसमाच्या नादी लागू नका. असल्या लोकांमुळेच तर याद्या करायची वेळ आली. नियमात इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरा म्हटलंय. ते काम २०१६ पासून क्लॅरिव्हेट या कंपनीकडे गेलंय. त्यात नसलेला आकडा मुखपृष्ठावर छापला असेल तर तो कुणीतरी विकत घेतलेला आकडा. मिरजकर, "मुखपृष्ठावर असतोच" हे सांगणं म्हणूनच धोक्याचं आहे. कमिटीतल्या जाणकाराने तो आकडा बघितला तर बाकीच्या फाईलवरचाही विश्वास जाईल.

मिरजकर
मी चांगल्या जर्नल्सबद्दल बोलत होतो. पण काहीतरी मोजमाप हवंच ना? नाहीतर ओळखीपाळखीवर प्रमोशन.

गुरुत्वमध्य
मोजमाप हवं, पण ते कशासाठी बनलं ते बघून वापरा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती वेळा उद्धृत केलं. रसायनशास्त्रात दोन वर्षांत लेख जुना होतो. साहित्यात चांगल्या लेखाची दखलच दहा वर्षांनी घेतली जाते, तीही बहुधा पुस्तकात. ते उद्धरण या हिशेबात येणार कुठून?
मी भौतिकशास्त्रातला. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर एकत्र पेपर काढला. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यातली २४ नुसती नावं आणि संस्था. यूजीसीच्या तक्त्याप्रमाणे हिशेब करा: विज्ञानाच्या पेपरला ८, इम्पॅक्ट फॅक्टर ५ ते १० मध्ये म्हणून वाढीव २५, झाले ३३. सहलेखकाला त्याचे ३० टक्के, म्हणजे प्रत्येकाला ९.९ गुण. त्या प्रयोगात माणसांनी वर्षानुवर्षं यंत्रं उभी केली, त्यांना श्रेय मिळायलाच हवं. पण एकटीने अभिलेखागारात बसून लिहिलेल्या लेखाला मूळ १० गुण. हे दोन आकडे एकाच फूटपट्टीवर कसे बसवायचे?

अनुबंध
गणितातली अडचण आणखी वेगळी. आमच्याकडे लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने देतात. ७० टक्के गुण "प्रथम लेखकाला" म्हटल्यावर इंग्रजी डब्ल्यूने सुरू होणाऱ्या आडनावाच्या माणसाने काय करायचं? तीन जणांच्या पेपरमध्ये मुख्य कल्पना माझी होती, मिळाले ३० टक्के.

मिरजकर
नियमात प्रथम, प्रमुख किंवा करस्पाँडिंग लेखक असं आहे. करस्पाँडिंग व्हायचं होतं.

अनुबंध
आमच्या विषयात करस्पाँडिंग म्हणजे फक्त संपादकांशी पत्रव्यवहार करणारा. असो, ताईंचा धागा भरकटतोय.

भाऊ_सातारकर
परत मुद्द्यावर. पारिजात, तुमच्या टप्प्याला दहा पेपर लागतात, त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले, आणि संशोधनाचे ११० गुण. गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून हवेत. तुम्ही पेपर आणि पुस्तक एवढेच दोन सांगितलेत. तिसरा कुठला? पीएचडीचे विद्यार्थी आहेत का? निमंत्रित व्याख्यानं? प्रकल्प? हे राहिलं तर केअरचा पुरावा असूनही फाईल परत येईल.

पारिजात
पीएचडीचे दोन विद्यार्थी आहेत, एकीला पदवी मिळाली. ते फाईलमध्ये आहे, इथे लिहिलं नाही. प्रकल्प कधी घेतला नाही. मला जुन्या मासिकांची पानं वाचायची होती. त्यासाठी प्रवासखर्च, झेरॉक्स आणि रजा पुरली. तक्त्यात दहा लाखांवरच्या पूर्ण प्रकल्पाला १० गुण आणि त्याखालच्याला ५. कमी पैशांत काम केलं म्हणून कमी गुण हे मला पटत नाही. खर्च हा संशोधनाचा खुराक आहे, तो पीक म्हणून मोजतात.

मिरजकर
अनुदान मिळवणं म्हणजे तज्ज्ञांनी तुमचा प्रस्ताव पारखून घेतला असं असतं. आमच्याकडे उपकरणाशिवाय पेपर होत नाही, त्यामुळे तो निकष आमच्यासाठी योग्यच आहे. तुम्हीही आयसीएसएसआरकडे (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या परिषदेकडे) अर्ज करायला हवा होतात.

गुरुत्वमध्य
तुमच्यासाठी योग्य आहे, तेवढंच म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात हे गुण सोडून उल्लेखनीय योगदानाकडे बघायचं म्हटलं होतं. त्यावर बरेच वाद झाले.

भाऊ_सातारकर
मसुदा राहू द्या, त्यांची कमिटी पुढच्या आठवड्यात आहे. पदवी मिळालेल्या विद्यार्थिनीचे १०, पुस्तक राष्ट्रीय प्रकाशकाचं धरलं तर १०, पेपरांचे ११०. झालं की. इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात "लागू नाही, रेफरीड" लिहा. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड, म्हणजे परीक्षकांकडून लेख तपासून घेणाऱ्या, नियतकालिकाला वाढीव ५ गुण तक्त्यातच दिले आहेत. ते पान छापून वर लावा आणि त्या ओळीखाली रेघ मारा. आमच्या कमिटीने ५ धरले होते.

टिळकरोड
आमच्याकडे नाही धरले. कमिटीवर अवलंबून.

ग्रंथपाल_मावशी
म्हणून त्या पाचांवर विसंबू नका. ते सोडून बेरीज ११० च्या वर जाते का ते बघा, ती जातेय. पुस्तकाचा आयएसबीएन आणि प्रकाशकाचं पत्रही लावा.

पारिजात
दोन संपादकांशी बोलणं झालं, पत्र उद्या मिळतंय. तिसरं मासिक बंद पडलंय, संपादक हयात नाहीत. त्या एका पेपरचं काय करू?

ग्रंथपाल_मावशी
तो यादीच्या शेवटी ठेवा, त्याचे गुण मागू नका. दहा तरीही भरतात. त्या अंकात लेख पाठवणाऱ्यांसाठी सूचनांचं पान असेल, त्यात परीक्षणाचा उल्लेख आहे का बघा. असला तर तेच जोडा.

रानवाट
धागा वाचतोय, माझीही फाईल याच महिन्यात आहे. भूगोल कुठे धरतात? पेपरला विज्ञानाचे ८ की सामाजिक शास्त्रांचे १०? माझी पदवी एमएस्सी आहे, पण कॉलेजात विभाग कला शाखेत आहे.