मदत हवी आहे: मेकॅनिककडे घड्याळासारखं चालणारं आउटबोर्ड मशीन खाडीत गेलं की बंद पडतं

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहितो, कारण "प्लग बदलून बघा" हे उत्तर आतापर्यंत तीन जणांनी दिलंय आणि तिन्ही वेळा प्लग बदललेत.

होडी मामांची. दाभोळच्या खाडीत असते, १८ फुटी फायबर. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं टू स्ट्रोक पेट्रोल मशीन, २०१६ साली सेकंडहँड घेतलेलं. मी चिपळूणला नोकरी करतो, शनिवार-रविवार मामांकडे. जाळं मामा टाकतात. टाकी उचलणं, दोरी ओढणं आणि ओरडा खाणं ही तीन खाती माझ्याकडे.

दुखणं असं. सकाळी थंड मशीन दुसऱ्या दोरीला सुरू होतं, कधी पहिल्याच. खाडीत हळू हळू फिरलो तर तासभरसुद्धा काही नाही. पण रेस वाढवून सरळ निघालो की वीस-बावीस मिनिटांनी दम खायला लागतं. आवाज खाली जातो, पुन्हा वर येतो, परत खाली, आणि मग विझल्यासारखं बंद. खट्‌कन नाही, हळूहळू. मग दोरी ओढून ओढून खांदा जातो. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होतं, जणू काही झालंच नाही. हळू चालवत घरी येतो. वाटेत रेस वाढवली की पुन्हा तेच.

गेल्या महिन्यातला प्रसंग सांगतो, म्हणजे हा धागा का काढलाय ते कळेल. संध्याकाळची वेळ, पौर्णिमेचं उधाण, ओहोटी लागलेली. दाभोळ आणि धोपाव्याच्या बरोबर मध्ये मशीन गेलं. समोरून फेरीबोट निघालेली, गाड्या भरून. पाणी आम्हाला अंजनवेलच्या दिशेला, म्हणजे मुखाकडे ओढत होतं. मामा म्हणाले, "नांगर टाक." नांगराची दोरी जाळ्याच्या ढिगाखाली. ती मी सकाळी मोकळी करायला हवी होती, केली नव्हती. जाळं उपसून दोरी काढेपर्यंत फेरीबोटीने दोनदा भोंगा दिला आणि वळसा घालून गेली. तिच्या लाटेत बोय माशांची टोपली कलंडली. निम्मी बोय परत खाडीत. मामा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्या गडबडीत मी पेट्रोलच्या पाइपातला फुगा (हाताने दाबून पेट्रोल मशीनकडे ढकलायचा रबरी गोळा) दाबायला गेलो तर तो आधीच चपटा होऊन बसला होता. हाताने गोल केला, पुन्हा हळूच चपटला. काही अर्थ असेल-नसेल, लक्षात राहिलं म्हणून लिहितोय.

आतापर्यंत केलेले उद्योग: प्लग तीनदा, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ, पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) नवा (थंड पाण्याची धार आता जोरात येते, हात लावून बघितलंय, पाणी कोमट असतं, कढत नाही), किल स्विचची (मशीन झटकन बंद करायच्या बटणाची) क्लिप तपासली, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच असतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल लिटरला २० मिली, मापाच्या बाटलीने, अंदाजपंचे नाही. साडेसात हजार गेले.

आणि खरी गंमत पुढे आहे. मशीन होडीवरून उतरवून, रिक्षा टेम्पोत टाकून मेकॅनिककडे तीनदा नेलं. तिन्ही वेळा त्याने पाण्याच्या ड्रममध्ये लावलं, स्वतःची पाच लिटरची टाकी जोडली आणि अर्धा तास फुल रेसवर चालवून दाखवलं. एकदाही बंद नाही. तिसऱ्या वेळी तो मामांना म्हणाला, "काका, मशीन ठणठणीत आहे, तुम्ही चालवता कसं ते बघा." मामांनी आयुष्यात चाळीस वर्षं होडी चालवलीय. परतीच्या वाटेवर टेम्पोत कोणी बोललं नाही.

प्रश्न दोन. बिघाड शोधायचा कसा? आणि हे मशीन विकून टाकावं का? मामा विकायला तयार नाहीत, मी तयार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद (पुण्याहून)

नवीन फोर स्ट्रोक घ्या. कटकट संपेल.

धागाकर्ता

घेतलं असतं, पण किंमत बघितलीत का? शिवाय फोर स्ट्रोक जड. आमच्याकडे जेटी नाही, चिखलातून मशीन खांद्यावर वर आणावं लागतं, आणि खांदे दोनच माणसांचे आहेत.

प्रतिसाद (मालवणहून)

दादा, उत्तर तुम्हीच दोन ठिकाणी लिहून ठेवलंय.

एक, चपटा फुगा. मशीन पेट्रोल ओढतंय, मागून येत नाहीये, म्हणून फुगा आत ओढला जातो. म्हणजे अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. हवेचा स्क्रू, टाकीतली नळी आणि तिची जाळी, टाकीकडचं कनेक्टर, किंवा टाकी ते फुगा हा पाइप. कार्बोरेटर फुग्याच्या पुढे येतो. तो शंभरदा साफ केलात तरी फुगा चपटाच होणार. (फुगा टणक राहून मशीन बंद पडलं असतं तर मी मशीनमधल्या पेट्रोलच्या पंपाचा पडदा आणि कार्बोरेटर बघा म्हटलं असतं.)

दोन, मेकॅनिकची टाकी. त्याच्याकडे मशीन गेलं, तुमची टाकी आणि पाइप होडीतच राहिले ना? मग आजार घरी आणि तपासणी दुसऱ्याची!

बंद पडण्याची रीतही तेच सांगते. करंट जातो तेव्हा मशीन खट्‌कन बंद होतं, पंख छाटल्यासारखं. पेट्रोल कमी पडतं तेव्हा दम खात खात मरतं. तरी खात्री म्हणून बंद पडल्या पडल्या प्लग काढून करंट बघा. गरम झाल्यावर कॉइल मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, असंही होतं, आणि तेव्हाही लक्षण "अर्ध्या तासाने चालू" हेच असतं. फक्त प्लग बॉडीला टेकवून बघताना पेट्रोलचा पाइप लांब ठेवा, आणि होडीत पेट्रोल सांडलेलं असेल तर अजिबात करू नका.

पैसे न खर्चता चाचणी अशी: शेजाऱ्याची टाकी आणि पाइप मागून आणा आणि फुल रेसवर तासभर चालवा. चाललं तर मशीन निर्दोष. मग एकेक वस्तू तुमची लावत जा. एका वेळी एकच बदल. दोन बदलल्या की काही कळत नाही, आम्ही एक अख्खा हंगाम असाच घालवलाय.

प्रतिसाद (अलिबागहून)

वरच्याशी सहमत. एक भर. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदीत टाकी कशी ठेवली होती? अर्धी भरलेली असेल तर त्यातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेला काय तोटा? पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, पेट्रोल वर राहतं. टाकीतली नळी नेमकी तळाशी. आणि टू-टी ऑइल त्या खालच्या थरात विरघळत नाही, वर पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे मशीनने खालचा थर ओढला तर ते बिनतेलाचं चालणार. बंद पडलं ते परवडलं, पिस्टन जाम होणं परवडत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

मशीनचं होईल हो. आधी नांगराचं बघा. दोरी जाळ्याखाली होती हे वाचून पोटात गोळा आला. नांगर नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला), दोरी गुंडाळून मोकळी, आणि लांबी खोलीच्या निदान पाचपट. आखूड दोरीवर नांगर धरत नाही, नुसता तळावरून खरवडत येतो. दोन वल्ही होडीत आहेत का? तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो. लाइफ जॅकेट अंगात, फळीखाली नाही. १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर फोनमध्ये आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. आणि चाचणी उधाणाला करू नका, अष्टमीच्या भांगाला करा, ओढ कमी असते.

धागाकर्ता

वल्हं एकच होतं. आता दोन आहेत. बाकी सगळं मुकाट्याने मान्य. चाचणी करून कळवतो.

धागाकर्ता (अपडेट)

उशीर झाला, क्षमस्व. अष्टमी शनिवारी येईपर्यंत थांबलो.

शेजारच्या काकांची टाकी आणि पाइप मागून आणले. फुल रेस, खाडीत वरच्या अंगाला. वीस मिनिटं, तीस, पन्नास. काही नाही. फुगा टणक. मामा मागे बघायचेसुद्धा नाहीत, मी मात्र घड्याळाकडे बघत बसलो होतो.

मग आमची टाकी, त्यांचा पाइप. चाळीस मिनिटं, व्यवस्थित.

मग त्यांची टाकी, आमचा पाइप. चोविसाव्या मिनिटाला दम खाल्ला. मी फुगा दाबायला लागलो तर मशीन सावरलं, सोडला की पुन्हा गेलं. ओरडलो, "मामा, पाइप!" मामांना वाटलं साप.

घरी येऊन पाइप ब्लेडने उभा चिरला. बाहेरून चांगला काळा, एक चीर नाही. आत मात्र एक पातळ अस्तर असतं, ते टाकीकडच्या क्लिपपासून वीतभर सुटलं होतं. सापाच्या कातीसारखं सुरकुतलेलं, बोटाने ओढलं तर अख्खं बाहेर आलं. (मामा फार चुकले नव्हते.) हळू चालवताना ओढ कमी, पेट्रोल त्याच्या बाजूने निघून जातं. रेस वाढवली की ओढ वाढते, अस्तर आत दुमडत जाऊन वाट बंद करतं. अर्धा तास थांबलं की सैल होऊन पुन्हा जागेवर. बाहेरून हे कोणाला दिसणार? मशीनबरोबर आलेला पाइप होता, म्हणजे वय झालेलंच. इथेनॉलने किती खाल्लं आणि वयाने किती, ते मला सांगता येणार नाही.

अलिबागकरांचंही खरं निघालं. टाकी उलटी करून तळाचं तीन लिटर पारदर्शक बाटल्यांत काढलं. तासाभराने खाली बोटभर दुधट थर आणि वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, मध्ये रेघ मारल्यासारखी. म्हणजे पाइप वाचला असता तर पुढच्या हंगामात पिस्टनची पाळी होती.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "टाकी आणायला हवी होती की." मी काही बोललो नाही, मामांकडून शिकलोय.

मशीन विकायचा विषय मी मागे घेतलाय. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, इथेनॉल चालणारा पाइप, फुग्यासकट, चिपळूण-रत्नागिरीत सुटा कोणाला मिळालाय का? दुकानात जो दाखवतात तो मोटारसायकलचा असावा अशी शंका येते, आणि काकांचा पाइप परत द्यायचाय. दोन, ते बाटल्यांतलं तीन लिटर अजून पडवीत आहे. मामी रोज विचारते, "हे कधी हलणार?" खाडीत ओतायचं नाही एवढं घरात ठरलंय. मग न्यायचं कुठे?