मदत हवी आहे: रंगीत ट्रॅव्हल सिस्टीम घ्यावी की साधी प्रॅम?
नमस्कार मंडळी, ताईला बाळ होणारे, तर आम्ही सगळे मिळून ट्रॅव्हल सिस्टीम देऊ म्हणतोय, एकाच फ्रेमवर कार सीट, झोपायचं कॅरीकॉट आणि नंतर बसायची सीट असं सगळं बसतं ती. एक पिवळी-निळी जाम आवडलीये पण आई म्हणते पावसाळ्यात चिखलाने रंगच कळणार नाही, आणि कव्हर काढून मशीनमध्ये धुता येतं का हे दुकानदार धड सांगत नाहीये.

खरी अडचण वेगळीच. ताई राहते दादरला जुन्या बिल्डिंगमध्ये, लिफ्टचं दार चिंचोळं, फूटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले, आणि सीएनजीच्या टाकीने डिकी अर्धी खाल्लेली. मग मोठी चाकं बघायची की हलकं वजन? कार सीट आर १२९ स्टँडर्डची (मुलांच्या कार सीटसाठीचं सुरक्षा मानक) आहे, बाळाचं तोंड मागे करून लावायची, ते पटलं. पण तान्ह्या बाळाला कार सीटमध्ये तासन् तास झोपवू नये, मग सपाट कॅरीकॉट हवंच ना? की आत्ता नुसती कार सीट घेऊ आणि बाळ बसायला लागल्यावर साधी फोल्डिंग प्रॅम? मुंबईत वापरलेल्यांनीच सांगा प्लीज, आणि ट्रॅव्हल सिस्टीम एका हाताने खरंच बंद होते का तेही.