मदत हवी आहे: घरगुती वॉटर फिल्टरमधून गढूळ पाणी येतंय (सहावीचा विज्ञान प्रकल्प)

नमस्कार,

मुलगी सहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पाण्याचा फिल्टर करायला घेतलाय. आम्ही कोल्हापूरला असतो. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चहासारखं लालसर होतं, तेच गाळून दाखवायचं तिने ठरवलंय.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली बुडाकडून कापून उलटी धरली आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. आत आधी कापूस, मग कुटलेला लोणारी कोळसा, मग वाळू आणि सगळ्यात वर बारीक खडी. नदीची वाळू मिळत नाही, म्हणून शेजारच्या बांधकामावरून क्रश सँड आणली. पहिल्यांदा पाणी काळं आलं. आता काळेपणा गेलाय, पण राखाडी गढूळपणा काही केल्या जात नाही. वरून पाणी ओतलं की थरात खड्डा पडतो आणि तिथूनच सगळं भसाभस खाली येतं.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. तिला परीक्षकांसमोर ते पाणी पिऊन दाखवायचंय, कारण व्हिडिओंमध्ये तसं दाखवतात. मी नको म्हणतेय. तिचं म्हणणं, "नितळ दिसतंय, मग का नको?" आई सांगते म्हणून तिने गप्प बसावं असं मला वाटत नाही. तिला डोळ्यांनी बघता येईल असं उत्तर हवंय. कुणी सुचवाल का?

प्रतिसाद:

ताई, राखाडी रंग क्रश सँडमधल्या दगडाच्या भुकटीचा आहे. बादलीत वाळू घ्या, पाणी घालून हाताने खळबळा आणि वरचं पाणी ओतून द्या. वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत हेच करत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. कोळसा साबुदाण्याएवढा कुटा, रव्याच्या चाळणीने चाळून खाली पडलेली पूड टाकून द्या, वरचा कोळसा धुऊन घ्या. कोळशाच्या खालीही वाळूचा एक थर द्या, म्हणजे उरलीसुरली पूड तिथे अडकेल. खड्डा पडू नये म्हणून खडीवर भोकं पाडलेलं प्लास्टिकचं झाकण ठेवा आणि त्यावर हळूहळू पाणी सोडा. नदीचं पाणी घालण्याआधी नळाचं पाणी सोडून फिल्टर धुऊन घ्या.

एवढं करूनही पंचगंगेचा गाळ पूर्ण थांबणार नाही. चिकणमातीचे कण फार बारीक असतात, शिवाय सगळ्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि खाली बसतच नाहीत. नदीच्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा आणि अर्धा तास ठेवून द्या. कणांचे गोळे होऊन तळाशी बसतील. वरचं पाणी अलगद काढून फिल्टरमध्ये घाला. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रातही साधारण हाच क्रम असतो: तुरटी, मग निवळण, मग वाळू आणि शेवटी क्लोरीन. तिच्या तक्त्यावर हा क्रम जरूर येऊ द्या.

प्रतिसाद:

पाणी पिऊन दाखवू देऊ नका, हे अगदी बरोबर. जिवाणू साधारण एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. वाळूच्या कणांमधल्या फटी त्याच्या कितीतरी पट मोठ्या असतात, त्यातून तो आरामात जातो.

डोळ्यांनी बघायचं तर हायड्रोजन सल्फाइडची बाटली, म्हणजे हा वायू तयार झाला की काळी पडणारी तपासणीची बाटली, वापरा. ही चाचणी १९८२ साली ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी मांडली. गावोगावी पिण्याचं पाणी तपासायला अशा बाटल्या वापरतात. खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायचं. विष्ठेतले जिवाणू असतील तर ते हा वायू तयार करतात आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडतं. तीन बाटल्या करा: नदीचं पाणी, गाळलेलं पाणी, आणि गाळून उकळून गार केलेलं पाणी. पहिल्या दोन्ही बहुधा काळ्या पडतील, तिसरी पडणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर शेजारी शेजारी मांडलेलं असेल.

धागाकर्ती:

मनापासून आभार! वाळू धुतल्यावर खरंच फरक पडला, लेक खूश आहे. एक शंका: मग कोळसा घालायचाच कशाला? आणि वाळूने जंतू अडत नसतील तर पूर्वी शहरांना वाळूतून गाळलेलं पाणी कसं चालायचं?

प्रतिसाद:

दोन्ही प्रश्न प्रदर्शनात विचारले जाणार, तयारी करून घ्या.

कोळसा रंग आणि वास धरून ठेवतो. निळ्या शाईचे दोन थेंब टाकलेलं पाणी आधी नुसत्या वाळूतून सोडा, मग कोळशातून. वाळूतून ते निळंच येईल. लोणारी कोळशाने रंग थोडाच उतरेल. मत्स्यालयाच्या दुकानात ॲक्टिव्हेटेड कार्बन (जास्त शोषून घेईल असा खास तयार केलेला कोळसा) मिळतो, त्याने फरक ठळक दिसतो.

वाळूचं म्हणाल तर, १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि आठ हजारांवर माणसं दगावली. लागूनच असलेलं आल्टोना एल्बे नदीच्याच खालच्या अंगाचं, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी घेत होतं. तरी ते बऱ्याच अंशी वाचलं, कारण तिथे पाणी वाळूतून गाळलं जायचं आणि हॅम्बुर्गला नाही. पण ते फिल्टर अतिशय संथ चालायचे. वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा एक बुळबुळीत थर तयार होतो, जंतू अडवण्याचं बरंचसं काम तोच करतो. तो धरायला दिवस, कधी आठवडे लागतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भरलेल्या बाटलीत तो नसतो.

तपासणीच्या बाटल्यांसाठी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. निकाल यायला दोन दिवस लागतात, तेव्हा त्या बेताने आधीच भरून ठेवा. सध्या हवा गार आहे, बाटल्या उबदार जागी ठेवा. काळी पडलेली बाटली मुलीला उघडू देऊ नका. तुम्हीच आत जंतुनाशक घाला, मग फेकून द्या आणि हात साबणाने धुवा.