मूल ठरलंय, पण कागद पुढे सरकत नाहीत. ही वाट कशी बघायची?

पहाटवारा:
आमचं परदेशातून दत्तक घ्यायचं चाललंय. दोन्ही देश हेग करारातले, म्हणजे परदेशी दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातले. होम स्टडी (समाजसेविकेने केलेली आमच्या घराची पाहणी) झाला, फाइल तिकडे गेली, मुलीचा अहवाल आला, आम्ही होकार कळवला. तेव्हापासून एजन्सीचं एकच उत्तर, "प्रक्रिया सुरू आहे." मधेच पोलिस दाखल्याची मुदत संपली. तो नव्याने काढला, परत भाषांतर, नोटरी, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र). आता मेडिकलची मुदत जवळ आलीय, मागोमाग होम स्टडीची. एक कागद ताजा करावा तोवर दुसरा शिळा होतो.

कागदांचे हेलपाटे मी घालीन हो. मला सोसत नाही ते वेगळंच आहे. फोटोत ती तीन वर्षांची आहे, एक मोजा पायात, दुसरा हातात. खरी ती केव्हाच पुढे गेली असणार. आता किती बोलते, रात्री दचकून उठली तर कोण थोपटतं, काही कळायला मार्ग नाही. नवरा म्हणतो, बातमी येईपर्यंत विषयच नको. त्याला तसंच झेपतं, मला नाही झेपत.

ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा: एजन्सीला किती वेळा विचारावं? आणि मधल्या काळात स्वतःला कसं सांभाळलंत?

शेवंती:
ताई, आमचा मुलगा आता घरी आहे, पण तुमचं वाचून पोटात तसाच गोळा आला.

किती वेळा विचारता यापेक्षा काय विचारता याने फरक पडतो. "काही कळलं का?" असं विचारलं की "सुरू आहे" हेच येणार. मुलीचा अहवाल येऊन तुम्ही होकार दिलात, म्हणजे पुढचा टप्पा हेग कराराच्या कलम १७ चा. दत्तक पुढे जायला दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांची (दत्तकाचं काम बघणाऱ्या मुख्य कार्यालयांची) संमती लागते, आणि मुलीला तुमच्या देशात येऊन कायम राहता येईल हेही ठरावं लागतं. मग विचारा: दोन्हीकडच्या संमती झाल्या का? नसतील तर कोणाची बाकी आहे? फाइल आज कोणत्या कार्यालयात आहे आणि तिथे कधी पोचली? लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. आम्ही असं विचारल्यावर कळलं की फाइल तिकडे नव्हतीच, इकडेच एका सहीसाठी पडून होती. मी त्या दिवशी फार रडले, पण निदान कुठे धडकायचं ते तरी कळलं.

करारातलं कलम ३५ जरूर वाचा. अधिकाऱ्यांनी दत्तकाचं काम तत्परतेने करावं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पत्रात त्याचा उल्लेख करायला संकोच कशाला? हक्काचं आहे ते.

आता कागद. अपॉस्टिलला स्वतःची मुदत नसते. तो सही-शिक्का खरा असल्याची साक्ष देतो, एवढंच. जुना होतो तो त्याच्या खालचा दाखला. त्यामुळे कोणी "सगळंच परत करा" म्हणालं तर कोणता कागद आणि का, ते विचारून घ्या. वहीचं एक पान आखा: कागद, काढल्याची तारीख, तिकडे किती काळ चालतो, नव्याने मिळायला किती वेळ लागतो. या शेवटच्या रकान्यावरून उलटं मोजत या. होम स्टडीचं नूतनीकरण मुदत संपायची वाट न बघता आत्ताच सुरू करा, कारण त्यासाठी बहुधा नवीन मेडिकल आणि पोलिस दाखला लागतोच. तिन्ही एकदम काढले की त्यांच्या तारखा जुळतात आणि हे एकामागून एक शिळं होणं थांबतं. आणि प्रत्येक कागदावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर तपासा.

मैत्र:
मी बालकल्याणाच्या कामात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. काही उशीर निव्वळ ढिलाईचा असतो, त्यावर शेवंतीताईंनी सांगितलंय तसं बोट ठेवा. पण काही वेळ मुलीसाठीच जातो. १९९३ च्या या करारानुसार, मूल स्वतःच्या देशात वाढू शकेल का हे आधी बघावं लागतं. जन्मदात्यांची संमती जिथे लागते तिथे ती दबावाशिवाय, पैशाच्या मोबदल्याशिवाय दिलेली हवी, आईची तर जन्मानंतरच. उद्या ती मोठी होऊन "मला कसं आणलंत?" असं विचारेल, तेव्हा हेच कागद तिच्या हातात द्यायचे आहेत. म्हणून कोणी "वरचे पैसे द्या, लवकर करून देतो" म्हणालं तर तिथेच थांबा. तिला सांभाळणाऱ्यांशी परस्पर संपर्कही नको. कराराने त्याला मर्यादा घातल्या आहेत.

एजन्सीमार्फत मात्र बरंच मागता येतं: नवीन उंची-वजन, लसींची नोंद, ताजा फोटो, झोपेच्या आणि खाण्याच्या सवयी. सगळं मिळेलच असं नाही, पण मागणं गैर नाही. तुमच्या घरातल्या माणसांचा छोटा अल्बम तिला दाखवता येईल का, हेही विचारा.

एक बाबा:
मीही तुमच्या मिस्टरांसारखा गप्प राहायचो. मला काळजी नव्हती असं नाही, आशा धरायचीच भीती वाटायची. शेवटी आम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली. फाइलबद्दल जे बोलायचं ते तेव्हा, सविस्तर, दोघांनी मिळून. नातेवाईकांच्या "कधी येणार?" ला मी उत्तर द्यायचो, बायकोला द्यावं लागू नये म्हणून. आणि बाळाच्या देशाची भाषा शिकायला घेतली, पाणी, दुखतंय, भीती वाटते, मी इथेच आहे, एवढ्यापासून. घरी आल्यावर पहिल्या रात्री तेच शब्द लागले.

पहाटवारा:
तुम्हा सगळ्यांची खूप आभारी आहे. एजन्सीला लेखी प्रश्न पाठवलेत, कलम ३५ सकट. होम स्टडीसाठी समाजसेविकेची वेळ घेतलीय. "एक बाबा" यांचं उत्तर नवऱ्याला वाचायला दिलं, त्याने ते दोनदा वाचलं आणि अल्बमसाठी फोटो निवडायला बसला.

मैत्रताई, अजून एक विचारते. अल्बममध्ये फोटोंखाली तिच्या भाषेत "आई", "बाबा" असं लिहावं का? की अजून कोर्टाचा आदेश नाही, तर नुसती नावं लिहिणं बरं?

मैत्र:
आत्ता नावंच लिहा. तिला काय आणि कधी सांगायचं ते तिथल्या सांभाळणाऱ्यांना ठरवू दे. काही कारणाने हे पुढे गेलं नाही, तर तिच्या हातात "आई" लिहिलेला फोटो राहायला नको. आदेश आला की दुसरा अल्बम पाठवा, त्यात लिहा.