मलेशियात नजीब पडले ते घोटाळ्यामुळे की महागाईमुळे?

हिशेबनीस
वनएमडीबी या मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक निधीतल्या घोटाळ्याच्या मुख्य खटल्याचा निकाल डिसेंबर २०२५ मध्ये लागला. माजी पंतप्रधान नजीब रझाक यांना १५ वर्षं कैद आणि सुमारे १,१४० कोटी रिंगिट (मलेशियाचं चलन) दंड. एसआरसी या वनएमडीबीच्या एकेकाळच्या उपकंपनीच्या प्रकरणात ते ऑगस्ट २०२२ पासून काजांगच्या तुरुंगात आहेतच. तेव्हापासून जो तो लिहितोय, बघा, मलेशियाच्या जनतेने २०१८ च्या निवडणुकीत नजीबना पाडून भ्रष्टाचाराला कसा धडा शिकवला.

मला हे पटत नाही. लोक चिडले होते महागाईवर. भ्रष्टाचार त्या रागात आपसूक भरडला गेला.

तारखा बघा. जुलै २०१५ मध्ये बातमी फुटली की पंतप्रधानांच्या खासगी खात्यांत जवळपास ७० कोटी डॉलर, म्हणजे २६० कोटी रिंगिट जमा झाले. त्याच महिन्यात उपपंतप्रधान मुहिद्दीन यासीन यांना घरी बसवलं, ॲटर्नी जनरल बदलले. जानेवारी २०१६ मध्ये नवे ॲटर्नी जनरल म्हणाले, ही तर सौदी राजघराण्याची भेट, बरीचशी परतही केली. फाईल बंद! मधल्या काळात पिवळे टीशर्ट घालून हजारो लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर बसले होते. पुढे काय झालं? मे २०१६ मध्ये सारावाक राज्याच्या निवडणुकीत नजीबच्या सत्ताधारी आघाडीला ८२ पैकी ७२ जागा. जूनमध्ये दोन पोटनिवडणुका, दोन्ही खिशात.

लोकांना पोळलं ते १ एप्रिल २०१५ पासून लागलेल्या ६ टक्के जीएसटीने. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये पेट्रोलचं अनुदान गेलं होतं, रिंगिट घसरत होता. त्यात पंतप्रधानांच्या पत्नी रोस्माह बाईंनी जाहीर कार्यक्रमात रडगाणं गायलं की केस रंगवायला १,२०० रिंगिट मोजावे लागतात. तेव्हा किमान वेतन महिन्याला ९०० रिंगिट होतं. या एका वाक्याने जे केलं ते दहा शोधपत्रकारांना जमलं नसतं.

अनघा_क
एक साधा प्रश्न. जीएसटी २०१६ मध्येही होता ना? सारावाकला, त्या दोन पोटनिवडणुकांना, सगळीकडे पावतीवर ६ टक्के छापून येतच होते. तरी सत्ताधारी जिंकले. मग तुमच्याच हिशेबाने जीएसटीनेही काही झालं नाही.

२०१६ आणि २०१८ मध्ये बदललं काय ते सांगते. महाथीर. २२ वर्षं पंतप्रधान राहिलेला माणूस, नजीबच्याच अम्नो पक्षाचा माजी अध्यक्ष, ९२ व्या वर्षी विरोधकांच्या मंचावर उभा राहून गावागावात सांगत होता की हा पैसे चोरतो. शहरातल्या इंग्रजी वाचणाऱ्यांना वनएमडीबी आधीच कळलं होतं. मलय गावकऱ्याला ते आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या भाषेत २०१८ मध्ये ऐकू आलं. स्वातंत्र्यापासून, म्हणजे १९५७ पासून न हरलेली आघाडी तेव्हा हरली.

फाटका_खिसा
+१ अनघाताई. रोस्माह बाईंच्या केसांवर धागा काढलात, त्यांच्या पर्सा कुठे गेल्या? निवडणुकीनंतर पोलिसांनी धाडी टाकल्या तेव्हा ५६७ हँडबॅगा आणि ११ कोटींहून जास्त रिंगिट रोख सापडली होती.

पेनांगकर
पेनांगमध्ये बायान लेपासला कारखान्यात नोकरी करतो, बरीच वर्षं इथे आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही दोघं घोटाळा आणि महागाई अशी दोन ताटं वाढताय. २०१८ च्या प्रचारात विरोधकांनी एकच ताट वाढलं होतं: वनएमडीबीत पडलेलं भगदाड बुजवायला तुमच्याकडून जीएसटी घेतात. बस्स. मामक हॉटेलात तेह तारिक, म्हणजे चहा, पिताना कोणीही हे वाक्य म्हणू शकत होतं. गोल्डमन सॅक्सने ६५० कोटी डॉलरचे रोखे काढले आणि साधारण ६० कोटी डॉलर शुल्क घेतलं, हे कोणाला समजावत बसणार? पण रोटी चनाई का महागली, याचं उत्तर 'त्याने खाल्ले म्हणून' असं मिळालं की प्रश्नच मिटला.

गावाकडे फेल्डाची, म्हणजे भूमिहीनांना मळे देऊन वसवणाऱ्या सरकारी संस्थेची, वेगळी जखम होती. २०१२ मध्ये तिच्या फेल्डा ग्लोबल या कंपनीचे शेअर ४.५५ रिंगिटला विकले. तेलताडाच्या मळ्यांवर राहणाऱ्या वसाहतकऱ्यांनी कर्ज काढून घेतले, आणि भाव कोसळला. ती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या अम्नोची मतपेढी होती. त्यांचा राग महागाईचा म्हणायचा की भ्रष्टाचाराचा?

विनायक_सीए
पेनांगकर, तुम्ही सांगितलेलं वाक्य प्रचाराला उत्तम होतं, पण खोटं होतं. मलेशियात जीएसटीची घोषणा झाली नजीबच्या आधीचे पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांच्या काळात. २००७ पासून लागू करणार होते, मग पुढे ढकलला. वनएमडीबी जन्मली २००९ मध्ये. खड्डा पडायच्या आधीच माती मागवली होती म्हणा!

नव्या सरकारने काय केलं? १ जून २०१८ पासून जीएसटी शून्यावर, १ सप्टेंबरपासून जुना विक्री व सेवा कर परत. २०१७ मध्ये जीएसटीने ४,४०० कोटी रिंगिट दिले होते. जुन्या कराची कमाई त्याच्या आसपासही नाही. २०१९ मध्ये थकलेले परतावे द्यायला पेट्रोनास या सरकारी तेल कंपनीकडून ३,००० कोटींचा खास लाभांश उपसावा लागला. भाव काही उतरले नाहीत. चोराला पकडण्याच्या नादात एक चांगला कर फाशी दिला. हा जबाबदारीचा विजय वगैरे म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पचवावा.

अनघा_क
"चांगला कर"? कागदावर असेल. ज्या अर्थमंत्र्याने तो लावला तोच वनएमडीबीच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष आणि तोच पंतप्रधान. तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. अशा माणसाने कर चांगला की वाईट हे लोकांना समजावून सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं? लोक कर भरतात ते हिशेब मिळेल या भरवशावर. तो भरवसा त्यानेच मोडला.

आणि एसआरसी विसरू नका. त्या कंपनीने ४०० कोटी रिंगिट उचलले ते सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीतून. नजीब आधी तुरुंगात गेले ते तिथून आलेल्या ४.२ कोटींसाठी. शिक्षक, नर्स, कारकून यांचा म्हातारपणाचा पैसा. घोटाळा आणि घरखर्च यांच्यात अंतर नव्हतंच मुळी.

हिशेबनीस
भरवशाचं म्हणता, तर २०१९ पासूनचं 'बॉस्कू' प्रकरण घ्या. "मालू आपा बॉस्कू", लाज कसली साहेब! मोटारसायकलवर बसलेले नजीब, अवतीभोवती टोळकी, सेल्फी. एसआरसी प्रकरणात जुलै २०२० मध्ये १२ वर्षांची शिक्षा सुनावली गेली, तरी अपील चालू असताना हा माणूस प्रचारात फिरला आणि त्यांची आघाडी नोव्हेंबर २०२१ मध्ये मलाक्का, मार्च २०२२ मध्ये जोहोर जिंकली. भाषणात काय? माझ्या काळात स्वस्ताई होती. ज्या महागाईने पाडलं त्याच महागाईवर बसून माणूस परत येत होता. भ्रष्टाचाराचा राग खरा असता तर त्याच्याबरोबर सेल्फी कोणी काढली असती?

फाटका_खिसा
आपल्याकडे काढतात की.

पेनांगकर
जोहोरला मतदान जेमतेम निम्मं झालं होतं. कोविडचा काळ, सिंगापूरला अडकलेले कामगार. पराचा कावळा नको.

मला जास्त टोचतं ते नंतरचं. 'रिफॉर्मासी' (सुधारणा) म्हणत आलेले विरोधी नेते अन्वर इब्राहिम नोव्हेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान झाले ते अम्नोचा हात धरून. सप्टेंबर २०२३ मध्ये उपपंतप्रधान आणि अम्नोचे अध्यक्ष झाहिद हमीदींवरचे भ्रष्टाचाराचे ४७ आरोप सरकारी वकिलांनी सोडून दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं की नजीबची शिक्षा १२ वरून ६ वर्षं, दंड २१ कोटींवरून ५ कोटी. आणि मार्चमध्ये सेवा कर ६ वरून ८ टक्के, जूनमध्ये डिझेल २.१५ वरून ३.३५ रिंगिट. मोठ्यांना सवलत, टेम्पोवाल्याला बिल. हे चारही निर्णय वेगवेगळ्या कचेऱ्यांतून निघाले, मान्य. सामान्य माणूस कचेऱ्या मोजत नाही.

विनायक_सीए
मोजायला हव्यात. शिक्षामाफीचं मंडळ राजाच्या अध्यक्षतेखाली बसतं. राजेपद सुलतानांमध्ये आळीपाळीने फिरतं; पाहांगच्या सुलतानांच्या राजेपदाच्या मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत तो निर्णय झाला, आणि नजीब पाहांगमधल्या पेकानचे. अन्वरना धरायचं तर झाहिदसाठी धरा. डिझेलचं अनुदान मात्र जायलाच हवं होतं. ते शेजारच्या देशांत तस्करीने जात होतं आणि गरिबापेक्षा मोठ्या गाडीवाल्याच्या टाकीत जास्त पडत होतं.

अनघा_क
हिशेबनीस, बॉस्कूची गोष्ट तुम्ही मार्च २०२२ ला थांबवलीत. पुढचा भाग मी लिहिते. नोव्हेंबर २०२२, सार्वत्रिक निवडणूक. कोंबडी इतकी महाग की सरकारने जूनमध्ये निर्यात बंद केली होती. तुमच्या सिद्धांताप्रमाणे स्वस्ताईवाल्या अम्नोची लाट यायला हवी. झालं काय? आघाडी ३० जागांवर. २०१८ च्या पराभवाहूनही वाईट. चिडलेला मलय मतदार मुहिद्दीन आणि पास या इस्लामी पक्षाच्या युतीकडे गेला, ज्यांचा प्रचार होता की अम्नोला मत म्हणजे कोर्टाच्या फेऱ्या मारणाऱ्या झाहिदला मत.

हिशेबनीस
त्या पासच्या प्रचारात धर्म किती होता तेही लिहा की. आणि मुहिद्दीन पंतप्रधान असताना कोविडमध्ये वाटलेली रोख मदत लोक विसरले नव्हते. पुन्हा खिसाच आला.

अनघा_क
रोख मदत तर नजीबनीही २०१२ पासून वाटली, कुटुंबामागे ५०० रिंगिट. २०१८ च्या प्रचारात आणखी वाढवून देतो म्हणाले. खिसा एवढाच होता तर ते पडलेच नसते.