सहावी-सातवीला अपूर्णांकांचा सराव हवाच, पण एकाच साच्यातली पन्नास गणितं कशाला?

गणितवाली, गंगापूर रोड

मी सहावी ते आठवीच्या मुलांचं गणित घेते. अपूर्णांकांच्या बेरजा ज्या मुलाने सहामाहीत पैकीच्या पैकी सोडवल्या, तोच मुलगा जानेवारीत ३/४ + २/५ = ५/९ लिहून मोकळा होतो. अंशात अंश, छेदात छेद. हे एकाचं नाही, वर्गातल्या निम्म्या मुलांचं आहे. वह्या चाळल्या तर याच बेरजांची पानंच्या पानं भरलेली.

परवा असंच उत्तर आल्यावर मी खोडलं नाही. विचारलं, "३/४ अर्ध्याहून जास्त की कमी?" "जास्त, पाऊण आहे." "आणि ५/९?" नवाचं अर्धं साडेचार, म्हणजे अर्ध्याहून जेमतेम जास्त, हे त्याने स्वतःच सांगितलं. "मग पाऊणमध्ये आणखी काही मिळवलंस आणि उत्तर पाऊणपेक्षा कमी कसं आलं?" तो वहीकडे बघत राहिला. मग सगळं खोडून छेद २० घेतला, १५/२० आणि ८/२० केले आणि २३/२० काढले. रीत त्याला येत होती. आलेलं उत्तर संभवतं का, हे बघायची सवय त्याला कुणी लावली नव्हती.

सरावसंचावर 'गुणाकार करा' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे मुलाला गणित वाचावंच लागत नाही. पहिली दोन बघायची आणि उरलेली त्याच चालीवर ओढायची. परीक्षेत मात्र "पाऊण लिटर दुधातून प्रत्येकी ३/२० लिटरचे पेले किती भरतील" असं आलं की गुणायचं की भागायचं, इथेच गाडं अडतं. काय करायचं हे ठरवण्याचा सराव झालेलाच नसतो.

म्हणून मी रोज आठ-दहाच गणितं देते. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, वेग, शेकडेवारी सगळं मिसळून. प्रत्येक गणिताआधी समासात अंदाज लिहायचा, मग आकडेमोड. पालक विचारतात, "एवढाच गृहपाठ?" पन्नास गणितांच्या गृहपाठाने मुलांचे तास वाया जातात आणि 'मला गणित येतं' असा खोटा भरवसा तयार होतो, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय म्हणणं?

जुना मास्तर, नाशिकरोड

मॅडम, तुमच्या गोष्टीतला मुलगा सुधारला कशामुळे? २० हा लसावि त्याला क्षणात सुचला म्हणून, आणि तो सुचला त्या भरलेल्या पानांमुळे. ज्याला १२ आणि १८ चा लसावि ३६ हे बोटं मोजल्याशिवाय दिसत नाही, त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्ची पडतं. अंदाज करायला डोकं मोकळं कुठून राहणार?

सातवीपर्यंत अपूर्णांक हाताखाली आले नाहीत की आठवीत क्ष/३ + क्ष/४ = ७ समोर येतं आणि मुलगा म्हणतो, "मला बीजगणित जमत नाही." त्याचं अडलेलं असतं अपूर्णांकात. नोकरीत असताना मी अशी मुलं नववीत घेतली आहेत. एकेकाला परत पाढ्यांपासून न्यावं लागलं.

आमच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा ते अडीचपर्यंतचे पाढे, तोंडपाठ होती. सात सव्वा पावणेनऊ, हे विचार न करता येतं. तुम्ही ज्याला अंदाज म्हणता तो त्या पाठांतरावरच उभा राहतो.

क्लासवाला, कॉलेज रोड

सरांशी सहमत, आणि परीक्षेचंही बघा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ७५ प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ७२ सेकंद. समासात अंदाज लिहीत बसलेलं मूल पन्नासाव्या प्रश्नालाच अडकेल. वेग सवयीने येतो आणि सवय संख्येने.

गणितवाली, गंगापूर रोड

७२ सेकंदांचाच हिशोब करू. ४.८ × ०.५२, पर्याय २४९.६, २४.९६, २.४९६ आणि ०.२४९६. उभा गुणाकार करून दशांश चिन्हाची घरं मोजणाऱ्याचं मिनिट जातं, आणि घर चुकलं तर गुणही. ०.५२ म्हणजे अर्ध्याच्या आसपास, ४.८ चं अर्धं २.४, म्हणून २.४९६. पाच सेकंद. अंदाज ही वेळ वाचवायची युक्ती आहे, वेळ खाणारी नव्हे. समासात लिहायचं ते वर्षभर, सवय लागेपर्यंत. परीक्षेत ते डोक्यातच होतं.

सर, पावकी-सवायकी मलाही प्रिय आहे. पण ती जुन्या व्यवहाराची गरज होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चौथाईचा हिशोब घरीदारी चाले. आजचं मूल ०.२५ बघतं, आणि ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणतं, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. सवायकी पाठ असूनही ही चूक होते. दोन्हींचा सांधा कुणी जुळवून दिलेला नसतो.

जुना मास्तर, नाशिकरोड

दूध आजही पाव लिटर, जमीन दीड एकर आणि पगार अडीच हजारांनी वाढतो. व्यवहार बदलला हे मला पटत नाही. सांधा जुळवून द्यायला हवा, हे मान्य. म्हणून पाठांतर सोडायचं, हे अमान्य.

बागायतदार, निफाड

मी शिक्षक नाही, द्राक्षबाग आहे. मला ताईंचं पटतं, कारण चुकीची किंमत आम्ही मोजतो.

एक टक्का बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं बुरशीनाशक मिश्रण, करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पुतण्या सातवीत, गुणोत्तराच्या धड्यात चांगले गुण. त्याला विचारलं, २०० लिटरच्या टाकीत अर्ध्या टक्क्याचं करायचंय, मोरचूद किती? म्हणाला, दोन किलो. पाणी दुप्पट झालं ते त्याने धरलं, तीव्रता निम्मी झाली ते सुटलं. बरोबर उत्तर एक किलो. त्याच्या वहीत एका वेळी एकच गोष्ट बदलणारी गणितं आहेत, शेतात दोन-दोन बदलतात. कोवळ्या फुटीवर दुप्पट तीव्रतेचं गेलं तर पानं करपतात. आणि लिटरला अर्धा मिली सांगितलेल्या औषधात दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दसपट औषध जातं.

सातबाऱ्याचंही तसंच. क्षेत्र १.०५.०० म्हणजे १ हेक्टर ५ आर. पुतण्याने वाचलं, दीड हेक्टर. फरक ४५ आरचा. चाळीस आर म्हणजे साधारण एक एकर, म्हणजे एकराहून जास्त जमीन नुसत्या वाचण्यात वाढली! शून्याचं घर किती मोलाचं, हे सातबारा हातात घेऊन शिकवा.

सिडकोतली आई

सगळं पटतंय, पण अंदाज बरोबर की चूक हे घरी बघणार कोण? मिस्टर अंबडला कंपनीत, आठवड्याला शिफ्ट बदलते. मी स्वतः दुकानात असते, घरी पोचायला साडेआठ. मुलीला पन्नास गणितं दिली की ती बसून सोडवते आणि मागे उत्तरं असतात, ती ताडून बघते. तुमची पद्धत ज्यांच्या घरी संध्याकाळी शिकलेलं माणूस मोकळं असतं त्यांच्यासाठी आहे, असं वाटतं. राग मानू नका.

गणितवाली, गंगापूर रोड

राग कशाचा ताई, हा इथला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे. म्हणूनच अंदाज लिहायला लावते. तो कुणी तपासायचा नसतो. मुलीने समासात 'एकापेक्षा थोडं जास्त' लिहिलं आणि उत्तर ५/९ आलं, तर तिचं तिलाच कळतं की काहीतरी बिनसलंय. मागच्या उत्तरांनी फक्त चूक झाली एवढंच कळतं.

झेडपी गुरुजी, पेठ

दोन वर्ग एकत्र घेतो, त्यामुळे कमी गणितं, जास्त बोलणं हे आमच्याकडे नाइलाजानेच होतं. एक अनुभव सांगतो.

वर्गात दोरी बांधली. एका टोकाला ०, मधे १, दुसऱ्या टोकाला २. चिठ्ठ्यांवर अपूर्णांक, चिमट्याने जागच्या जागी लावायचे. १/२ लागला, ३/४ लागला. १/६ आणि १/८ वर भांडण झालं, आठ मोठा म्हणून १/८ पुढे हवा असं तिघं म्हणत होते. दोरीचे सहा आणि आठ भाग करून बघितल्यावर मिटलं. मग ५/४ ची चिठ्ठी आली आणि एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही चुकीची आहे. चारच तुकडे केले, तर पाच घेणार कुठून?" तिने तोवर अपूर्णांक फक्त भाकरीच्या चित्रात रंगवले होते. एका भाकरीत पाच चतकोर बसत नाहीत, तिचं बरोबरच होतं. ३/४ ही एक संख्या आहे आणि तिची दोरीवर ठरलेली जागा आहे, हे चित्र रंगवून कळत नाही. पन्नास चित्रं रंगवली तरी नाही.

मात्र जुने सर म्हणतात तेही खोटं नाही. दोरीवर जागा कळली तरी ५/६ – ३/८ सोडवताना छेद २४ सुचायला पाढेच लागतात. आमच्या मुलांना शाळेबाहेर सराव मिळत नाही. शाळेत झाला तेवढाच.

गणितवाली, गंगापूर रोड

मिश्र सरावाबद्दल एक ठोस गोष्ट सांगते. २०२० साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सातवीचे ५४ वर्ग होते. काही वर्गांना एका प्रकारची गणितं सलग दिली, काहींना मिसळून. शेवटी सगळ्यांची उजळणी घेतली आणि महिन्याभराने न सांगता परीक्षा. मिसळून सोडवणाऱ्यांना सरासरी ६१ टक्के, सलग सोडवणाऱ्यांना ३८.

जुना मास्तर, नाशिकरोड

मॅडम, दोन्ही गटांना गणितं तीच दिली होती आणि तितकीच, बरोबर? क्रम तेवढा बदलला. मग या प्रयोगातून 'मिसळा' एवढंच निघतं. 'कमी करा' हे तुमच्या पदरचं आहे. मिसळायला माझी हरकत नाही. माझा वाद तुमच्या आठ-दहाशी आहे.

गणितवाली, गंगापूर रोड

गणितं तितकीच होती, खरं आहे. पण मिसळलेला संच सोडवायला वेळ जास्त लागतो, त्या प्रयोगातही लागला. प्रत्येक गणिताशी थांबून ठरवावं लागतं. मुलांना संध्याकाळी गणितासाठी पाऊण तास मिळतो, तो काही वाढत नाही. त्यात पन्नास बसवायची तर एकच साचा वापरावा लागतो. आठ-दहा हा आकडा तिथून आला.

देवळालीकर

आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवलेल्या द. रा. कापरेकरांचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही?

१/७ चा भागाकार करा. ०.१४२८५७, आणि पुन्हा तेच सहा अंक. आता १४२८५७ चा वर्ग करा, २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करा, २०४०८ आणि १२२४४९, आणि मिळवा. परत १४२८५७! अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५, ही त्यातलीच. हे सगळं कागद-पेन्सिलीने रेटून आकडेमोड करणाऱ्या शाळामास्तराला दिसलं. आकडेमोडीला कंटाळवाणी म्हणून हिणवू नका.

गणितवाली, गंगापूर रोड

हिणवत नाही. उलट, एका भागाकाराशी किती वेळ थांबता येतं ते कापरेकरांकडून शिकावं. १/७ करताना बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १. एक आली की सगळं पहिल्यापासून, कारण आपण सुरुवातच १ ने केली होती. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य, म्हणून सहा अंकांच्या आत फेरा पुरा होणारच. सातवीच्या मुलाला हे समजतं, समजल्यावर आनंदही होतो. पण पुढे आणखी एकोणतीस भागाकार वाट बघत असतील तर तो बाक्यांकडे बघणार कधी?

जुना मास्तर, नाशिकरोड

हे मात्र मनापासून पटलं. तरी पाढे आणि लसावीची रोजची दहा मिनिटं मी सोडणार नाही. तुमचा एखादा मिश्र संच इथे टाका. माझ्याकडे शेजारची चार मुलं येतात, त्यांना देऊन बघतो.

गणितवाली, गंगापूर रोड

दहा मिनिटं पाढ्यांना द्याच सर, माझीही मुलं म्हणतात. ही चार घ्या. पहिलं: सव्वा दोन मीटर कापडातून ३/८ मीटरचे तुकडे किती? दुसरं: ०.३, ०.२९ आणि ०.०९९ लहानापासून मोठ्याकडे लावा. तिसरं: नाशिकहून सिन्नर ३० किमी धरा. जाताना ताशी ३० किमी वेगाने गेलो, येताना ताशी ६० ने, तर सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती? चौथं: साखर ४० रुपयांवरून २५ टक्क्यांनी महाग झाली, मग २५ टक्क्यांनी स्वस्त. परत ४० ला आली का? चारही गणितांना आधी अंदाज.

सिडकोतली आई

मुलीला दिली. पहिलं सुटलं, सहा तुकडे. दुसरंही बरोबर वाटतंय. तिसऱ्याला अंदाज ४५ आणि उत्तरही ४५. मागे उत्तर नाही, त्यामुळे ती मलाच विचारतेय. सांगू का?

गणितवाली, गंगापूर रोड

उत्तर सांगू नका ताई. जायला किती वेळ लागला आणि यायला किती, तेवढं विचारा.